कुडव्याच्या टाकीतलं कासव

माझ्या भाचीला एक प्राणी पाळायचा होता, आणि तो कोणता ते ठरवायचं काम माझ्यावर आलं. कारण एवढंच, की मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझा एक विषय प्राणीशास्त्र होता.

मी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला ताईकडे राहून शिकत होते, अजूनही तिथेच राहते. आमचं गाव नवेगाव बांधच्या तळ्याला लागून आहे. तिथून रोज गोंदियाला कॉलेजला येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बारावीनंतर बाबांनी मला ताईच्या घरी आणून सोडलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. ताई दहावीपर्यंत शिकली, आई चौथीपर्यंत. बाबा तळ्यावर मासे धरतात. ते सही करतात, पण अक्षरं जोडून वाचत नाहीत.

ताईचं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. त्याच अंगणात पलीकडे घरमालकीण आंटी राहतात. भाऊजी राईस मिलमध्ये कामाला जातात, ताई घरीच ब्लाउज शिवते. त्या वर्षी भाची सात वर्षांची होती आणि भाचा चार.

भाचीला आधी कुत्रा हवा होता. आंटी नको म्हणाल्या. मग मांजर. पण शेजारच्या मांजरीला कवटाळलं की भाच्याची छाती वाजायला लागायची, आणि डॉक्टरांनी केसवाला प्राणी घरात आणू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. भाचीने ते ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मग बिनकेसाचा आणा."

"बिनकेसाचा कोणता वो?" ताईने विचारलं.

"साप."

ताईचा घास हातातच राहिला. "घरात सापाचं नाव काढशील तर पाह्य!"

"मगर," भाचा म्हणाला.

"मगर आणू ना," भाऊजी म्हणाले. "दाराशी बांधून ठेवू. मंग आंटी नळाच्या पाण्यासाठी भांडाले येतात का ते पाहू."

"सरडा?"

"सरडा बी नोको अन् पाल बी नोको. मले त्याईच्याकडं पाहूनच मळमळते," ताई म्हणाली.

"मग कासव," भाची म्हणाली. मला वाटतं, तिच्या मनात पहिल्यापासून तेच होतं. साप आणि सरडा तिने फक्त आईला थकवायला पुढे केले होते.

कासवाला ताई नाही म्हणू शकली नाही. भाऊजींनी ताट सरकवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "तुझी मावशी झूलॉजी शिकून राहिली ना? तिलेच विचार कोणतं कासव आणाचं ते. आपल्याले काय समजते त्यातलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी काही ठरवण्यासाठी माझ्याकडे असं बघावं, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचे कप्पे किती ते माहीत होतं. कासवाच्या पाठीच्या कवचाला काय म्हणतात आणि पोटाच्या कवचाला काय, हेही माहीत होतं. सात आणि चार वर्षांच्या मुलांच्या घरात कोणतं कासव सुखाने राहील, हे मात्र कोणत्याच वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "बघते मी."

खरं सांगायचं तर कासव मी पुस्तकाच्या फार आधीपासून ओळखत होते. गावात आमच्या अंगणातल्या विहिरीत एक कासव होतं. आमच्याकडे विहिरीत कासव सोडायची रीत आहे. ते पाण्यातले किडे खातं, मेलेलं कुजकं खातं, त्यामुळे पाणी साफ राहतं असं सगळे मानतात. कोणाच्या नव्या विहिरीला पाणी लागलं की मासे धरणाऱ्याच्या घरी निरोप येतो. मग एखाद्या सकाळी बाबा ओल्या पोत्यात कासव घेऊन जायचे. त्या घरची बाई कासवाच्या पाठीला हळद लावायची, बाबांच्या हाती नारळ द्यायची, चहा व्हायचा, आणि बाबा टोपलीला दोर बांधून कासव हळूहळू खाली सोडायचे. वरून टाकायचे नाहीत. गावातल्या निम्म्या विहिरींत आमच्या बाबांनी सोडलेली कासवं होती. बाबा मितभाषी आहेत, पण बाजारात कोणी भेटलं की ते एवढं मात्र विचारायचे, "दिसते का गा? वर येते का?"

आमचं कासव उन्हं चढली की वर यायचं. आधी पाण्यावर दोन बुडबुडे दिसायचे, मग एक टोकदार नाक. मी काठावर पालथी पडून वरून भाताची शितं टाकायचे. आई मागून माझा फ्रॉक धरून ठेवायची आणि एका हाताने भांडी घासायची. पाढे मी त्या विहिरीत तोंड घालूनच पाठ केले. आत आवाज घुमायचा, बे एके बे दोनदा ऐकू यायचं. तेराचा पाढा चुकला की मला वाटायचं कासव मुद्दामच खाली गेलं. आता ही गोष्ट लिहिताना हसू येतं, पण कोणी आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतं आहे, असं मला त्या वयात तिथेच वाटलं होतं. घरात सगळ्यांना कामं असायची.

म्हणून भाची कासव म्हणाली तेव्हा मला मनातून आनंदच झाला होता.

रविवारी मी तिला घेऊन गोंदियाच्या बाजारात एका दुकानात गेले. काचेच्या पेट्यांत रंगीत मासे होते, पिंजऱ्यांत लव्हबर्ड्स. खाली एका प्लास्टिकच्या टबात दहा-बारा हिरवी कासवं एकमेकांच्या अंगावर चढत होती. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, डोळ्यांमागे लाल पट्टा. भाची टबाशी उकिडवी बसली ती उठेचना.

"दीदी, एक ले जाओ, जोड़ी ले जाओ," दुकानदार म्हणाला. "बच्चों के लिए एकदम बढ़िया. कुछ मेहनत नहीं."

"हे किती मोठं होतं?" मी विचारलं.

"बस इतना ही. ये छोटी वाली जात है."

मला माहीत होतं की तसं नसतं. त्या आधीच्या दोन रात्री मी मोबाइलवर आणि कॉलेजच्या लायब्ररीतल्या पुस्तकात जमेल तेवढं वाचलं होतं. ही परदेशी कासवं ताटाएवढी वाढतात आणि वीस-तीस वर्षं जगतात. त्यांना ऊन लागतं, पाणी गाळायची सोय लागते. त्यांच्या अंगावर आणि पाण्यात असे जंतू असू शकतात की लहान मुलांना ताप येतो, जुलाब होतात, म्हणून हात लावला की दर वेळी साबणाने धुवावे लागतात. भाचा तर अजून अंगठा चोखत होता. हे सगळं मी दुकानदाराला सांगायला हवं होतं, पण मी फक्त विचारलं, "आणि मोठं झालं तर?"

"तो तालाब में छोड़ देना," तो सहज म्हणाला. "इतने तालाब हैं अपने यहाँ." मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "या फिर दूसरा दिखाऊँ? पीठ पे तारे वाला? अंदर रखा है."

ते पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, एवढं मला पक्कं माहीत होतं. पण माझ्या डोक्यात त्याचं आधीचंच वाक्य अडकलं होतं. तळ्यात सोडून द्या. आमच्या जिल्ह्यात तळी खूप, हे खरंच आहे. पण प्रत्येक तळ्यावर कोणाचं तरी घर चालतं, आणि त्यातल्या एकावर माझ्या बाबांचं. ही परकी कासवं एकदा तळ्यात गेली की तिथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागाही बळकावतात, असं मी वाचलं होतं.

मी भाचीचा हात धरून तिला उठवलं. "हे नको."

"काऊन?"

"हे आपल्या घरात बसणार नाही."

"एवढंसं तर आहे!" असं म्हणून ती रस्ताभर रडली. घरी आल्यावर माझ्याशी बोलणं तिने बंद केलं. रात्री झोपताना ती माझ्याऐवजी ताईच्या बाजूला जाऊन झोपली.

सोमवारी मी आईला फोन केला. बाबांनी तो हातात घेतला. ते एरवी फोनवर फारसं बोलत नाहीत, पण नातीचा विषय निघाला की बोलतात. मी सहज सांगितलं, की पोरीला कासव पाहिजे म्हणून रुसली आहे, आणि दुकानातलं मला पटलं नाही.

"विकत कायले घेता?" बाबा म्हणाले. "मी आणतो ना. परवाच्या दिवशी जाळ्यात येऊन राहिले होते दोन. लहानसं पाहून आणतो."

आमच्या तळ्यातली, शेतातली कासवं धरणं, पाळणं, विकणं कायद्याने बंद आहे. हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघसुद्धा मारली होती, आणि रेघ मारताना मला आमची विहीर आठवली होती. पण बाबांना हे कसं सांगणार? त्यांनी इतकी वर्षं लोकांच्या विहिरीत कासवं सोडली, मानाने सोडली. ताईचं लग्न झाल्यापासून ते तिच्या घरी दोनदाच आले होते, आणि दोन्ही वेळा फक्त केळी आणली म्हणून ओशाळले होते. आता कुठे त्यांच्याकडे द्यायला असं काही होतं, जे फक्त तेच देऊ शकत होते.

"हॅलो? आवाज येते का?" बाबा विचारत होते.

"येते ना बाबा," मी म्हणाले. "आणा मग."

बाबा गुरुवारी आले. पहाटेची एसटी पकडून, मांडीवर ओलं पोतं ठेवून. मी तेव्हा कॉलेजात प्रॅक्टिकलला होते. पुढचं मला ताईकडून आणि भाचीकडून कळलं. बाबांनी अंगणात टब मागून घेतला, पाणी ओतलं आणि कासव आत सोडलं. हिरवट तपकिरी, गुळगुळीत पाठीचं, वीतभर. हे कासव मागचे पाय आत ओढतं तेव्हा त्यांच्यावर कातडीची दोन झाकणं बंद होतात. बाबांनी ती मुलांना दाखवली. "पाह्य, याच्या घराले दारं बी आहेत." भाचा अंगठा चोखायचं विसरून गेला. तोंडाजवळ बोट न्यायचं नाही, हे चावतं, हेही त्यांनी नीट सांगितलं. मग ताई स्वयंपाकाला लागली, आणि बाबा बसल्या बसल्या घराकडे बघू लागले.

अंगणात जमिनीखाली सिमेंटची टाकी आहे. वर लोखंडी झाकण. एक दिवसाआड नळ येतो, तेव्हा ती भरून घेतात आणि मोटरने पाणी वर चढवतात. आंटींचं आणि ताईचं, दोन्ही घरांचं प्यायचं पाणी त्याच टाकीतलं. बाबांनी भाचीला विचारलं, यात काय आहे? ती म्हणाली, पाणी. बाबांनी झाकण उचलून आत बघितलं असणार. खोल, अंधारी, थंड. आत कासव नाही. शहरातल्या या घराला विहीर आहे आणि तिच्यात कोणी कासव सोडलेलं नाही, हे त्यांना दिसलं, आणि त्यांना जे करायचं माहीत होतं ते त्यांनी केलं. भाचीकडून हळद मागवली. कापडी पिशवीला दोर बांधला. वरून टाकलं नाही, हळूहळू सोडलं.

चारच्या सुमाराला मी घरी पोचले, तर भाची फाटकातच उभी होती. चार दिवसांचा अबोला संपला होता. तिने माझी बॅग ओढली आणि मला झाकणापाशी नेलं. "मावशी, आपल्या टाकीची विहीर झाली!"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी आत गेले. बाबा भिंतीला टेकून चहा पीत होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"झालं काम," ते म्हणाले. "लेकराईले कासव झालं, अन् तुमचं पाणी बी साफ राहील."

त्या वेळी मी बोलू शकले असते. आंटी बाजारात गेल्या होत्या. ताईला अजून काही माहीत नव्हतं, ती मशीनवर बसली होती. पाच मिनिटांत कासव काढता आलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. मी बाबांच्या पायांपाशी बसले. ते मला तळ्यावरची हकीकत सांगू लागले, यंदा पाणी किती उरलं आहे, कोणते पक्षी आले आहेत. मी ऐकत राहिले. हे संपलं की सांगू, असं मी स्वतःला तीनदा तरी म्हटलं असेल.

मग अंगणातून आंटींचा आवाज आला.

मुलांनी झाकण उघडून मोबाइलचा उजेड आत टाकला होता, आणि आंटी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हे भगवान! पीने के पानी में कछुआ! किसने डाला?"

"आबांनी," भाची अभिमानाने म्हणाली.

बाबा बाहेर आले. आंटी चिडल्या आहेत हे त्यांना कळत होतं, पण का ते कळत नव्हतं. ते समजावायला लागले, "बाई, पानी साफ रहता है उससे. हमारे गाव में सब के कुएं में..."

"गाँव की बात गाँव में रखिए बाबूजी! ये टंकी है, कुआँ नहीं. सुबह से यही पानी पी रहे हैं हम?"

"सुबह से नहीं, दोपहर से," भाचा म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

गल्लीतली चार माणसं फाटकाशी जमली. एकजण म्हणाला, "चलो, आंटी के यहाँ आज से कछुए का शरबत," आणि बाकीचे हसले. ताई मशीन सोडून धावत आली. तिने टाकीत बघितलं, आंटींकडे बघितलं, आणि तिचा सगळा राग बाबांवर निघाला. "बाबा, तुमाले समजत नाई का काई? मले विचाराचं तरी! भाड्यानं राहतो आमी इथं!"

बाबांनी सदरा काढून दोरीवर टाकला, लुंगी वर खोचली आणि टाकीत उतरले. पाणी छातीपर्यंत होतं. ते हाताने काही शोधेनात. नुसते उभे राहिले, अगदी स्थिर, आणि तळपायांनी जमीन चाचपत गेले. हसणारी माणसं पुढे सरकून बघू लागली. थोड्या वेळाने बाबा वाकले, डोकं पाण्याखाली गेलं, आणि ते दोन्ही हातांत कासव घेऊन वर आले. पाठीवरची हळद अजून पुरती धुतली गेली नव्हती.

"पूरी टंकी खाली करो," आंटी म्हणाल्या. "धो के भरो."

नळ आता उद्या सकाळी येणार होता. भाऊजी मिलमधून आले तेव्हा बाबा टाकीत उभे राहून बादल्या भरून देत होते आणि मी त्या गटारात ओतत होते. भाऊजींनी काय झालं ते ऐकलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "वा रे वा! घरात झूलॉजीवाली बसली आहे, अन् कासव टाकीत!"

ते थट्टेनेच म्हणाले होते. पण ते ऐकून ताईने माझ्याकडे वळून विचारलं, "तुले माहीत होतं?"

माझ्या हातात भरलेली बादली होती. मी ती खाली ठेवली. बाबा टाकीतून वर बघत होते, फक्त त्यांचं डोकं आणि खांदे दिसत होते.

"हो," मी म्हणाले. "ताई, बाबांना बोलू नको. त्यांची चूक नाही. कासव टाकीत सोडलं हे मला चार वाजल्यापासून माहीत होतं. आणि असं कासव आणायचंच नसतं, ते धरणं बंद आहे, हे मला फोनवरच माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही."

बाबांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज टाकीत घुमला, "काऊन नाई सांगितलंस?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं."

"मंग आता कमी वाटलं का?"

बाबांनी पुढची बादली भरून वर केली आणि मी ती घेतली. रात्रीच्या स्वयंपाकाचं पाणी आम्ही दोघांनी हातपंपावरून आणलं, आधी आंटींच्या घरी, मग आमच्या. आंटींनी तिसऱ्या फेरीला बाबांच्या हातून घागर काढून घेतली आणि म्हणाल्या, "बस, बाबूजी, हो गया." मला ते बरं वाटलं, पण बाबांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या एका सरांकडून वन विभागाच्या आमच्या भागातल्या ऑफिसचा नंबर घेतला. मी फोन केला, कासव कुठून आणलं तेही सांगितलं. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून सांगितलं, की जिथून आणलं तिथेच आणा, आमचा माणूस तळ्यावर येईल, त्याच्यासमोर सोडा. म्हणून शुक्रवारी दुपारच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. बाबा, मी आणि भाची. कासव टबात होतं, वर ओला टॉवेल.

भाची खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मग आपण काय पाळायचं?"

त्या दिवशी मी फक्त टबावरचा टॉवेल नीट केला. आज कोणी मला विचारलं, घरात लहान मुलं आहेत, पहिलंच पाळायचं आहे, कोणतं कासव घेऊ, तर मी आधी विचारते की तीन महिन्यांनी त्याचं पाणी कोण बदलणार आहे, आणि धाकटा अजून बोटं तोंडात घालतो का. बहुतेक लोकांना हे आवडत नाही. त्यांना नाव ऐकायचं असतं. ताईच्या घरात अजून काहीच पाळलेलं नाही. भाची आठवड्यातून एकदा तरी विषय काढते, आणि भाचा दहा वर्षांचा झाला की पुन्हा बसून ठरवू, असं आमचं बोलणं झालं आहे. तोवर आंटींच्या कुंपणावर एक सरडा येतो. ती त्याच्यासाठी वाटीत पाणी ठेवते, आणि तो डोकं खालीवर करतो ते मोजते.

आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा वनरक्षक मोटरसायकलवर येऊन थांबला होता. तरुण होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने कासव बघितलं, मोबाइलवर फोटो काढला आणि बाबांना म्हणाला, "काका, जाळ्यात आलं की तिथल्या तिथं सोडत जा. घरी न्यायचं नाही. यावेळी तुम्ही स्वतःहून आणलं म्हणून सोडून देतो."

"हाव," बाबा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "अन् विहिरीतले?"

वनरक्षकाने माझ्याकडे बघितलं, मग तळ्याकडे. "नवीन सोडू नका," तो म्हणाला. "जुन्यांचं मी साहेबांना विचारतो."

बाबांनी भाचीला काठावर आणलं, तिचे हात कासवाच्या दोन्ही बाजूंना नीट धरायला लावले, आणि स्वतःचे हात तिच्या हातांवर ठेवले. कासव पाण्याला टेकताच त्याने मान बाहेर काढली. एक झटका दिला आणि गढूळ पाण्यात दिसेनासं झालं.

"आबा, ते आपल्याला ओळखेल का?"

"नाई. त्याले काय गरज?"

तिने तळ्याच्या पाण्यात हात धुतले, मग मी तिला बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाने पुन्हा धुवायला लावले. ती पुढे घराकडे धावत गेली, आजी वाट बघत होती. वनरक्षकही निघून गेला. बाबा आणि मी बांधावर बसलो. उन्हं उतरत होती, पलीकडच्या काठाला कोणीतरी जाळं झटकत होतं.

"तुझ्या पुस्तकात याच्याबद्दल काय लिहिलं आहे?" बाबांनी विचारलं.

मला वाटलं ते रागाने विचारत आहेत. पण तसं नव्हतं. मी आठवेल तसं सांगायला लागले. उन्हाळ्यात ते स्वतःला चिखलात पुरून घेतं. मातीत खड्डा करून अंडी घालतं. अंड्यांतून पिल्लं निघायला बरेच महिने लागतात.

"पाणी पडल्याशिवाय निघत नाईत ती," बाबा म्हणाले. "माती वरून कडक होते ना. मऊ झाली का निघतात. हे लिहिलं आहे का?"

"असं नाही लिहिलेलं."

"मंग लिहून घे."

मी हो म्हणाले. मग बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "अजून काय काय नाई सांगितलं मले? वाईट वाटते म्हणून?"

मी बांधावरचं गवत उपटत राहिले. सांगायचं नाही असं मी जुलैपासून ठरवलं होतं. "केमिस्ट्रीत नापास झाले आहे," मी म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या. एकच विषय राहिला आहे."

"केमिस्ट्री म्हणजे?"

मी सांगायचा प्रयत्न केला. पदार्थ कशाचे बनतात, एकमेकांत मिसळले की काय होतं. नीट सांगता आलं नाही. बाबांनी मध्ये तोडलं नाही.

"मंग? पुन्हा द्याची राहते का परीक्षा?"

"हो. मार्चमध्ये."

"दे मंग," बाबा म्हणाले. ते उठले, रिकामा टब पालथा करून उरलेलं पाणी झटकलं आणि माझ्या हातात दिला. "घरी चाल. तुझ्या मायले बी सांग. मी सांगणार नाई, तूच सांग."